बेवारस पोचे: विमान कंपनीच्या सेफ्टी विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून आठवड्यातून एक-दोन तरी मेसेज येतात. "ताई, सेफ्टीमध्ये यायचंय, कुठला कोर्स करू?" प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितेय. एसएमएसचे (सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे सुरक्षितता सांभाळायची कंपनीची व्यवस्था) चार भाग कोणते, हॅझर्ड आणि रिस्क यांत फरक काय, एसपीआय (सुरक्षितता कशी चालली आहे ते दाखवणारा आकडा) कशाला म्हणतात, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. नसेल तर आधी इकाओचं (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) अ‍ॅनेक्स 19 आणि डीजीसीएचं (आपल्याकडची विमान वाहतूक नियामक संस्था) एसएमएसवरचं सीएआर (नियमावली) वाचून या. दोन्ही कंटाळवाणी आहेत, पण ती चुकवून या कामात पुढे जाता येत नाही.

मी सांगलीत स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी केलं. एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत काउंटरवर लागले, मग तीन वर्षं रॅम्पवर (विमानं उभी करून सामान चढवतात-उतरवतात ती जागा) कोऑर्डिनेटर होते. सेफ्टी विभागातली एक जागा रिकामी झाली आणि "हिला आकडे येतात" म्हणून मला तिथे बसवलं. आकडे येत होते हे खरं. त्या आकड्यांमागे काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि ते कळायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात एक गोष्ट अशी घडली की आजही तिची आठवण आली की पोटात खड्डा पडतो. तीच आज सांगायची आहे.

मला मिळालेली पहिली फाइल एक्सेलची होती. इकाओच्या सेफ्टी मॅनेजमेंट मॅन्युअलच्या 2013 च्या तिसऱ्या आवृत्तीत अलर्ट लेव्हल काढायची एक रीत दिली होती. 2018 मध्ये चौथी आवृत्ती आली, तरी ती जुनी रीत अजून बऱ्याच ठिकाणी जशीच्या तशी चालते. मागच्या वर्षाचे बारा महिन्यांचे दर घ्यायचे, त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती हलतात ते) काढायचं, आणि या वर्षाच्या आलेखावर तीन रेघा मारायच्या: सरासरीच्या वर एक, दोन आणि तीन विचलनांवर. एक महिना तिसऱ्या रेघेच्या वर गेला, किंवा सलग दोन महिने दुसरीच्या, किंवा सलग तीन महिने पहिलीच्या वर गेले, की अलर्ट. मग बैठक, कारणं, उपाय. टार्गेट म्हणजे मागच्या सरासरीपेक्षा पाच टक्के कमी. पुष्कळ ठिकाणी हे पाच टक्के कुठून आले हे कोणालाच सांगता येत नाही.

आमच्याकडे एटीआर विमानं होती आणि महिन्याला बाराशेच्या आसपास उड्डाणं. मी आठ एसपीआय ठरवले. त्यातला एक होता ग्राउंड डॅमेज, म्हणजे विमान बेवर (थांबायच्या जागेवर) उभं असताना ट्रॉली, शिडी किंवा गाडी लागून झालेलं नुकसान, दर 1,000 उड्डाणांमागे. मोजायचं कुठून? रॅम्पवरून येणाऱ्या रिपोर्टवरून. इथेच चूक होती, आणि ती मला दिसली नाही.

त्याच सुमारास मी रिपोर्टचा फॉर्म 'सुधारला'. जुन्या फॉर्मवर नाव ऐच्छिक होतं. मला पाठपुरावा करायला सोपं जावं म्हणून मी नाव, एम्प्लॉयी नंबर आणि कंत्राटदाराचं नाव सक्तीचं केलं. दुसरीकडे माझं टार्गेट वरच्या लोकांना इतकं आवडलं की एचआरने ते थेट शून्यावर नेऊन स्टेशन मॅनेजरांच्या वार्षिक मूल्यमापनात घातलं: ग्राउंड डॅमेज शून्य. मला कोणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

पुढचा महिना शून्य. त्याच्या पुढचाही शून्य. चार महिने सलग शून्य आले. सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाच्या बैठकीत मी तो आलेख मोठ्या पडद्यावर लावला. अकाउंटेबल मॅनेजरनी (सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी असलेले प्रमुख) सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन कौतुक केलं. मी आईला फोन करून ते सांगितलं होतं.

पाचव्या महिन्यात एक विमान हँगरमध्ये चेकला (ठरावीक तपासणीला) आलं. आमच्याकडे एक सिनियर एएमई (विमान देखभाल अभियंता) होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. "अगं, झोपली नसशील तर ये जरा इकडे. तुला काहीतरी दाखवायचंय."

हँगरमधले दिवे त्यांनी त्या बाजूचे बंद करून ठेवले होते. एटीआरचं कार्गोचं दार पुढे डाव्या बाजूला असतं, जमिनीपासून फार उंच नाही, त्यामुळे ट्रॉली अगदी अंगाशी आणून सामान हाताने आत चढवतात. सरांनी टॉर्च विमानाच्या पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरली. उजेड पत्र्यावरून सरपटत गेला आणि दाराखाली एकामागून एक सावल्या उमटल्या. वाटीएवढी एक, त्याच्या शेजारी लांबट दुसरी. आईच्या जुन्या पितळी डब्याला पडतात ना, तसे पोचे. दिवसाउजेडी समोर उभं राहून मला त्यातला एकही दिसला नसता.

"हात लाव," सर म्हणाले. मी तळवा फिरवला. एका पोच्याच्या कडेला पांढरा रंग खरवडून खालचा हिरवट प्रायमर उघडा पडला होता, आणि त्या खरवड्यात पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती. आमच्या ट्रॉल्या पिवळ्या होत्या.

प्रत्येक विमानाचा एक डेंट-बकल चार्ट असतो. कुठल्या फ्रेमजवळ, कुठल्या स्ट्रिंगरवर (हे पत्र्यामागच्या सांगाड्याचे भाग), किती लांब-रुंद-खोल पोचा आहे, तो कधी सापडला, मर्यादेत आहे की दुरुस्त केला, सगळं त्यात नोंदवलेलं असतं. सरांनी चार्ट उघडून माझ्यासमोर धरला. विमानावर सापडलेल्यांपैकी सहा पोचे त्यात नव्हते. टेक लॉगमध्येही (विमानाच्या नोंदवहीतही) नोंद नव्हती. माझ्या फाइलमध्ये तर चार महिने शून्यच होतं.

"बेवारस आहेत," सर म्हणाले. मला ओरडले नाहीत. नुसतं विचारलं, "बाळा, तू काय मोजत होतीस?"

त्या सहापैकी एक पोचा स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर निघाला. विमान दुरुस्तीला थांबलं. तोवर त्यातून किती माणसं उडाली होती याचा हिशेब मी त्या रात्री केला आणि मग मला झोप लागली नाही.

पोच्याचं एवढं काय, असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा. विमान प्रत्येक उड्डाणात फुगतं आणि उतरताना पुन्हा आखडतं, म्हणजे आतल्या दाबाने पत्रा ताणला जातो आणि सैल होतो. पोचा किंवा चरा पडलेल्या जागी तो ताण एकवटतो. एटीआर दिवसात आठ-आठ छोटी उड्डाणं करतं, म्हणजे आठ वेळा ताण. 26 डिसेंबर 2005 रोजी सिअ‍ॅटलहून बर्बँकला निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-83 विमानात सुमारे 26,000 फुटांवर दाब अचानक गेला. विमान सुखरूप परतलं. तपासात कळलं की उड्डाणाआधी सामान चढवणाऱ्या एका कामगाराकडून यंत्र विमानाला लागलं होतं आणि त्याने ते लगेच सांगितलं नव्हतं. पत्र्याला पडलेल्या त्या घडीचं वर जाऊन साधारण फूटभर लांबीचं भोक झालं. तिथेही त्या दिवशीच्या रिपोर्टच्या खात्यात, उड्डाण होईपर्यंत, शून्यच होतं.

आता सापळा नीट उलगडून सांगते. लांबेल, पण हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वरच्या पद्धतीतल्या तिन्ही रेघा सरासरीच्या वर असतात. आकडा वाढला तर घंटा वाजते. आकडा घसरला तर काहीच वाजत नाही, सगळे खूश होतात. ज्या घटनेची नोंद यंत्र आपोआप करतं तिथे हे एक वेळ चालेल. माणसाने स्वतःहून सांगितल्यावरच जी घटना तुमच्यापर्यंत पोचते, तिथे घसरणाऱ्या आकड्याचे दोन अर्थ असतात: घटना कमी झाल्या किंवा सांगणं कमी झालं. आलेखावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. एक्सेलला त्यातला फरक कधीच कळणार नाही.

आणि आकडे लहान असले की आणखी घोळ. कंपनीचे खरे आकडे देता येणार नाहीत, म्हणून उदाहरण घेते. समजा महिन्याला सरासरी दीड घटना घडतात. अशा तुरळक घटना साधारण पॉयसाँ वितरणाने येतात, म्हणजे प्रमाण विचलन दीडचं वर्गमूळ, सुमारे 1.22. तिसरी रेघ जाते 5.17 वर. म्हणजे एका महिन्यात सहा विमानांना धक्के लागले तरच त्या रेघेची घंटा वाजणार. सहा! तोवर आपण निवांत. आता खालची बाजू बघा. सरासरी दीड असताना एखादा महिना योगायोगाने कोरा जाण्याची शक्यता जवळपास 22 टक्के, त्यात नवल नाही. सलग दोन कोरे जाण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आसपास. सलग चार कोरे? 0.25 टक्के. चारशेत एक. म्हणजे माझ्या त्या चार शून्यांत घंटा वाजायलाच हवी होती. काहीतरी मोठं बदललं आहे, जा आणि बघून ये, असं तो आलेख ओरडून सांगत होता. मी बीएस्सीला हे वितरण शिकले होते, परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. तरी माझ्या डोक्यात ते आलं नाही, कारण मला शून्य हवं होतं.

काय बदललं होतं ते कळायला मी रॅम्पवर गेले. जुनी ओळख होती म्हणून एक लोडर बोलला. बाकीचे नुसते पायांकडे बघत होते. तो म्हणाला, "मॅडम, आधी चिठ्ठीवर लिहून टाकायचो. आता नाव लिहायचं म्हटलं की हात थांबतो. मी कंत्राटावर आहे. मागे एकाने लिहिलं, दुसऱ्या दिवशी त्याचा पासच काढून घेतला." मी विचारलं, "स्टेशन मॅनेजरना सांगितलंत का?" तो म्हणाला, "त्यांनीच सांगितलं, एवढंसं असेल तर लिहू नका."

या लोकांवर रागावू नका. मीही दोन दिवस रागावले होते. पंचवीस मिनिटांत विमान परत फिरवायचं, पाऊस पडतोय, उजव्या बाजूचं इंजिन होटेल मोडवर सुरू आहे (एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज देणारं वेगळं छोटं इंजिन, नसतो, त्यामुळे पंखा ब्रेकने रोखून ते इंजिन चालू ठेवतात), आवाजात शेजारचा काय म्हणतो ते ऐकू येत नाही, आणि ट्रॉलीचा कोपरा लागला. त्या क्षणी खरं सांगणाऱ्याला नोकरी जाण्याची भीती आणि गप्प बसणाऱ्याला काहीच नाही, अशी व्यवस्था मी माझ्या हाताने, चांगल्या हेतूने, एका फॉर्मने उभी केली होती.

मग आम्ही काय केलं? नावाचा रकाना पुन्हा ऐच्छिक केला. स्टेशन मॅनेजरांच्या मूल्यमापनातून शून्याचं कलम काढायला लावलं. त्याला पाच महिने आणि तीन बैठका लागल्या, सरांनी माझ्या बाजूने तोंड उघडलं नसतं तर झालंच नसतं. मुद्दाम लपवणं आणि बेफिकिरी यांना माफी नाही, पण स्वतःहून सांगितलेल्या चुकीबद्दल पास काढून घ्यायचा नाही, हे कंत्राटदाराच्या करारात लिहून घेतलं. नुसतं पोस्टर लावून हे होत नाही, करारात लागतं. शिवाय ज्याने सांगितलं त्याला आठ दिवसांत काय केलं ते कळवायचं, मग ते "अजून काही झालं नाही, प्रयत्न चालू आहे" असलं तरी चालेल. रिपोर्टिंग वाढवायचा याहून खात्रीचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

आणि मोजमाप बदललं. आता आम्ही दर चेकला, दर वॉक-अराउंडला (विमानाभोवती फिरून केलेल्या पाहणीत) सापडलेले सगळे नवे पोचे एका बाजूला ठेवतो आणि त्यातल्या कितींचा रिपोर्ट आधी आला होता ते बघतो. उरलेले बेवारस. दहा पोच्यांपैकी आठ कोणीतरी आधी सांगितलेले असतील तर मला शांत झोप लागते. दहापैकी दोन असतील तर रिपोर्टचा आकडा कितीही गोड असो, मी दुसऱ्या दिवशी त्या स्टेशनवर असते. एकाच घटनेकडे बघणारे दोन वेगळे डोळे शोधा, माणसाचा एक आणि पत्र्याचा किंवा यंत्राचा एक, आणि त्यांचा मेळ घाला. वैमानिकांच्या बाबतीत एफडीएमने (विमानातल्या रेकॉर्डरच्या नोंदींच्या तपासणीने) पकडलेली अस्थिर (उतरताना वेग-उंची ठरल्याप्रमाणे नसलेली) अ‍ॅप्रोच आणि वैमानिकांनी स्वतः कळवलेली, यांचाही असाच मेळ बसतो.

दोन छोट्या गोष्टी पटकन. घटना तुरळक असतील तर महिन्याचा दर सोडा आणि दोन घटनांमध्ये किती उड्डाणं गेली ते मोजा, चित्र लवकर स्पष्ट होतं. आणि भाजकाकडे लक्ष ठेवा. दोन घटना बाराशे उड्डाणांत म्हणजे 1.67, त्याच दोन पावसाळ्यातल्या नऊशे उड्डाणांत 2.22. रॅम्पवर काहीही न बदलता आलेख चढतो आणि कोणीतरी उगाच बोलणी खातं.

टार्गेट ठरवताना मात्र घाई करू नका, इथे मला जरा कडक बोलायचंय. जे मोजाल त्याभोवती माणसं वागणं बदलतात. गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) कमी करा असं टार्गेट कोणी मागितलं तर सरळ नकार द्या, नोकरी नवी असली तरी. 22 मे 2010 ला मंगळूरला विमान टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं, 158 माणसं गेली, 8 वाचली. 8,033 फुटांच्या धावपट्टीवर ते सुमारे 5,200 फूट पुढे जाऊन टेकलं होतं. अ‍ॅप्रोच अस्थिर होती, सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंड सुचवलं होतं. गो-अराउंड हा त्या प्रसंगातला उपाय आहे. त्याची मोजणी करायचीच तर अशी करा: अस्थिर अ‍ॅप्रोच किती झाल्या आणि त्यातल्या कितींमध्ये गो-अराउंड घेतला गेला. पहिला आकडा खाली यावा, दुसरं प्रमाण वर जावं. हार्ड लँडिंगचंही तसंच. ते एकटं मोजलंत तर वैमानिक हळुवार टेकवायच्या नादात धावपट्टी खात पुढे जातात, म्हणून शेजारी टेकण्याचं अंतर मोजा. एसपीआय कधी एकटा ठेवू नका, त्याला जोडीदार द्या.

कोर्सबद्दल विचारता म्हणून. पाच दिवसांचा एसएमएस कोर्स करा, सर्टिफिकेटशिवाय बायोडेटा पुढे सरकत नाही. पण कर्ज काढून परदेशी डिप्लोमा करायची गरज नाही, निदान पहिल्या दोन वर्षांत नाही. त्यापेक्षा एएआयबीचे (विमान अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) अंतिम अहवाल वाचा, संकेतस्थळावर फुकट आहेत. दर आठवड्याला एक, शेवटच्या शिफारशींपासून सुरुवात न करता पहिल्या पानापासून. आणि कन्सल्टंटकडून मिळणाऱ्या तयार पन्नास एसपीआयच्या यादीपासून लांब राहा. ती यादी कुठल्याही कंपनीला बसते, म्हणजे कुठल्याच कंपनीला बसत नाही. 'ऑडिट फाइंडिंग वेळेत बंद केल्याची टक्केवारी' हा त्यातला लाडका एसपीआय. तो नेहमी नव्वदच्या वर असतो, कारण कागद वेळेत बंद करणं सगळ्यांना जमतं.

गुरू शोधायचा तर हँगरमध्ये किंवा रॅम्पवर शोधा. माझ्या ऑफिसातल्या वरिष्ठांकडून मी प्रेझेंटेशन शिकले, ते उपयोगाचं आहेच. पण मोजायचं काय हे मला टॉर्च आडवी धरणाऱ्या माणसाने शिकवलं. अशी माणसं स्वतःहून शिकवायला येत नाहीत. रात्रीच्या पाळीला चहा घेऊन जावं लागतं, दोन तास गप्प उभं राहावं लागतं.

सगळं दुरुस्त केल्यावर आमचे रिपोर्ट तिपटीने वाढले आणि पुढच्या बोर्डाच्या बैठकीत मला विचारलं गेलं, "तुम्ही उपाय केलेत आणि घटना वाढल्या?" हा प्रश्न तुम्हालाही येणार, नक्की येणार, तयारी ठेवा. मी शेजारी बेवारस पोच्यांचा आलेख ठेवला होता, तो खाली उतरत होता. तरी माझा आवाज कापत होता. दोन संचालकांना पटलं, एकांना नाही. त्या एकांना पटवायला आणखी एक चेक जावा लागला. पण त्या वर्षी मर्यादेबाहेर जाईपर्यंत न सांगितलेला एकही पोचा सापडला नाही. तुमचंही पहिलं वर्ष असंच जाईल, घाबरू नका. आकडा वाढतोय म्हणून कोणी तुम्हाला नालायक म्हटलं तर दोन्ही आलेख शेजारी ठेवा आणि पुन्हा सांगा. चुकलात तर लवकर कबूल करा. मी केलं, आणि माझी नोकरी गेली नाही.

नवीन ठिकाणी रुजू झालात की पहिल्या आठवड्यात लॅपटॉप बाजूला ठेवून पहाटे तीनच्या फ्लाइटला रॅम्पवर जा. जॅकेट घाला, पास लावा, लाल रेघेच्या बाहेर उभे राहा आणि एक पूर्ण टर्नअराउंड बघा. ट्रॉली विमानाजवळ येताना शेवटच्या दोन मीटरला तिला कोण हाताने धरतं ते बघा. कोणीच धरत नसेल तर तुमचा पहिला एसपीआय तुम्हाला सापडला.

आमच्या एका छोट्या स्टेशनवर या महिन्यात पुन्हा कोरा रिपोर्ट आलाय, सलग तिसरा. दिवसाला चारच उड्डाणं आहेत तिथे, त्यामुळे कदाचित खरंच काही घडलं नसेल. सोमवारच्या पहिल्या विमानाने जातेय. टॉर्च बॅगेत भरली आहे.